दादांची वेळ

१४ नोव्हेंबर

मामी,

पत्र बघून घाबरू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू "बरी आहे, जेवलीस का, ठेवते" एवढं बोलतेस आणि खरंच ठेवतेस. परवा आईकडे तक्रार केली तर ती म्हणाली, "माझी वहिनी तोंडाने कंजूष आहे, कागदावर नाही. पत्र लिही." म्हणून लिहायला बसले. अक्षर पूर्वीसारखंच आहे, तेव्हा चष्मा पुसून घे.

माझं काम विचारशील तर ते आजीचंच काम आहे. आजी नाही का, खोलीखोलीतून फिरून "कोण बसलंय इथे, दिवा कशाला हवा" म्हणत बटणं बंद करायची? मी तेच करते, फक्त मोठ्या इमारतींत, आणि मला पगार मिळतो. या वर्षी आमच्याकडे शॉपिंग सेंटरं आली आहेत. काय काय बघायला मिळतं म्हणून सांगू! एका ठिकाणी सरकता जिना दिवसभर रिकामा वर जातो नि रिकामा खाली येतो. एका ठिकाणी आपोआप उघडणारं दार समोरच्या झाडाची फांदी हलली की उघडतं. झाडाला खरेदी करायची असते बहुतेक.

तू कशी आहेस? खिडकीवर गर्दी असते का? सध्या काय वाचतेस? आणि सकाळी घरामागे तुमच्या सेंटरचा एसीचा प्लांट सुरू झाला की फळीवरचे तुझे ते दोन कप अजून वाजतात का? मी लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा त्यानेच जाग यायची. हल्ली किती वाजता वाजतात?

आईचा नमस्कार. माझाही.

तुझी,
भिंगरी

२१ नोव्हेंबर

भिंगरे,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझं अक्षर लावायला आणि दुसऱ्यांदा वाचायला.

माझं बरं चाललं आहे. हरवले-सापडलेची खिडकी सेंटरच्या वरच्या मजल्यावर कोपऱ्यात होती तिथेच आहे. छत्र्या, चष्मे, एकेकटी कानातली, आणि डाव्या पायाचा एक बूट. ती बाई एका पायात बूट घालून घरी कशी गेली, हे मला अजून कळलेलं नाही. शाली आणि स्वेटरही पुष्कळ येतात, पण गंमत अशी की ते भर उन्हाळ्यात जास्त. बाहेर घाम आणि आत हुडहुडी. लोक आत येताना पांघरतात, जाताना दाराशी काढतात आणि बाकावर विसरतात.

पुस्तकंही येतात. कुणी न्यायला आलं नाही तोवर ती माझी. मागच्या आठवड्यात एक जाडजूड कादंबरी आली होती. तिच्यात एक बहीण मेलेल्या भावाची ट्रंक उघडते, मी तिथवर आले आणि नेमका मालक हजर. टोपीवाले गृहस्थ. मी म्हटलं, "देते, पण ट्रंकेत काय होतं ते सांगून जा." ते म्हणाले, "बाई, मी पण तिथवरच आलो होतो, म्हणून तर धावत आलो." थंडी पडली की मला वाचायची फार ओढ लागते. का कोण जाणे. उन्हाळ्यात पुस्तक हातात धरवत नाही.

मामांना जाऊन दीड वर्ष झालं. आता रडू येत नाही. दारात चप्पल काढली की दुसऱ्या जोडासाठी जागा सोडते, इतकंच. हात आपोआप तशी ठेवतो.

आणि कप वाजतात तर! मी मुद्दाम ते एकमेकांना चिकटवून ठेवते. पहाटे पाचला मागच्या भिंतीपलीकडे प्लांटला धक्का बसतो, फळी थरथरते, दोन्ही कप किणकिणतात आणि मग घरघर सुरू. तुझ्या मामांची वेळ. ते गेल्यापासून एक मिनिट इकडेतिकडे नाही. त्यांच्या हाताखालचा नटबोल्ट आता प्लांट बघतो. खिशात कायम नट आणि बोल्ट खुळखुळतात म्हणून मामांनीच ठेवलं होतं त्याचं नाव. खाली सगळे त्या वेळेला "दादांची वेळ" म्हणतात. माणूस जातो तेव्हा मागे कपडे राहतात, फोटो राहतो. माझ्या माणसाची वेळ राहिली आहे. कितीजणींना असं मिळतं?

पहाटे आवाज आला की मला वाटतं, हे कामावर गेले. मग मी उठते.

आईला म्हणावं, कंजूष तू आणि तुझा भाऊ. मी नव्हे.

मामी

२ डिसेंबर

मामी,

हे पत्र लिहायला मला आठवडा लागला, यावरून ओळख.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट सांगितली नाही. आमच्याकडे आलेल्या सेंटरांत तुमचंही आहे. कागद माझ्याच टेबलावर आहेत. तुमच्या मालकांना वीजबिल झेपेनासं झालंय. ते कमी झालं नाही तर वरचा मजला बंद करून टाकायचा, असं त्यांनी ठरवत आणलंय. वरचा मजला म्हणजे दुकानं, त्यांतली माणसं, आणि तुझी खिडकी.

आमचा माणूस येऊन बघून गेला. त्याने मीटरला यंत्र लावलं. मीटर सांगतो की प्लांट पहाटे पाचला चालू होतो. नटबोल्ट सांगतात की दुकानं उघडायच्या आधी तासभर, म्हणजे नऊला. "तुमचं यंत्र बिघडलंय," असं त्यांनी आमच्या माणसाला चहा पाजून सांगितलं. यंत्र बदललं. दुसरंही पाचच म्हणतं. खरं काय ते कळेना, म्हणून मी तुला कपांचं विचारलं.

मामी, इतक्या लवकर प्लांट लावायची काही गरज नाही. या थंडीत तर मुळीच नाही. रिकाम्या इमारतीला चार तास गार करत बसायचं आणि मग व्यवस्थापकांनी टेबलाखाली हीटर लावून बसायचं, असं चाललंय. हीटर आमच्या माणसाने डोळ्यांनी बघितलाय. एवढी एक गोष्ट बदलली तरी निम्मं काम होईल.

मी फोनवर नटबोल्टना विनवून बघितलं. ते "हो ताई, हो ताई" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तुझं ते ऐकतील. तू एकदा बोलशील का?

भिंगरी

६ डिसेंबर

भिंगरी,

कप वाजतात का असं तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, पोरीला मामाची आठवण आली. मी शेजारणीला पण वाचून दाखवलं ते वाक्य.

तुला साक्षीदार हवा होता. तसं लिहायचं होतंस.

नटबोल्टने यंत्राला खोटं पाडलं आणि मी त्याला. आता त्याची नोकरी गेली तर त्याच्या बायकोला मी काय तोंड दाखवू? खालच्या जिन्यात ती मला रोज भेटते.

आणि तुझ्या मामांबद्दल. ज्या माणसाने आयुष्यात उगाच एक नळ टपकू दिला नाही, तो इतकी वर्षं उगाच वीज जाळत होता, असं तुझं यंत्र म्हणतं. म्हणू दे. मी नटबोल्टशी बोलणार नाही. वरचा मजला बंद केला तर मी खाली बसेन, नाहीतर घरी बसेन. तो आवाज बंद करा म्हणून माझ्या तोंडाने मी सांगणार नाही.

तब्येतीला जप.

मामी

११ डिसेंबर

मामी,

तू मला "भिंगरे" लिहिलं नाहीस, "भिंगरी" लिहिलंस. कळलं.

आडून विचारलं, ते चुकलं माझं. सरळ विचारलं असतं तर तू सांगितलं नसतंस अशी मला भीती वाटली. पण ते तू ठरवायचं होतं, मी नाही. तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. माझ्या अहवालात नटबोल्टचं नाव येणार नाही.

पण एक सांगते, रागाव हवं तर. मामा चुकले असं मी म्हटलेलं नाही. ते आम्हाला तुमच्याकडे सुट्टीत खोलीबाहेर पडताना पंखा बंद केला नाही तर परत पाठवायचे, पायात बूट चढवल्यावरसुद्धा. म्हणूनच मला कोडं पडलंय. असा माणूस थंडीत पहाटे पाचला प्लांट का लावेल? तुमच्या सेंटरला आता बाहेरच्या दारामागे दुसरं दार बसलंय, काचेच्या छतावर पडदे आलेत. पूर्वी तसं नव्हतं. तेव्हा कदाचित ती वेळ बरोबर असेल. पण थंडीतसुद्धा? मला खरंच माहीत नाही. तुला माहीत असेल.

अहवाल जानेवारीच्या मध्यापर्यंत द्यायचा आहे. तू काही करू नकोस. फक्त माझ्यावरचा राग फार दिवस ठेवू नकोस. आई मला घरात बोलू देत नाहीये.

भिंगरी

४ जानेवारी

भिंगरे,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने, आणि मग पायाला उसंत नव्हती म्हणून. आता सगळं क्रमाने सांगते.

तुझं पत्र मी डब्याखाली ठेवून दिलं होतं. पण त्यातला तुझा प्रश्न काही डब्याखाली राहीना. रोज पहाटे कप वाजले की तो पण वाजायचा. थंडीतसुद्धा? थंडीतसुद्धा?

मग एका पहाटे असं झालं. कप वाजले, मी उठले, दिवा लावला. बाहेर गडद अंधार. खिडकीची काच इतकी गार की बोट चिकटेल. आणि मी उभ्या उभ्या स्वतःला म्हटलं, बाई, तुझा नवरा अशा अंधारात कधी घराबाहेर पडला होता?

कधीच नाही, भिंगरे. उन्हाळ्यात ते अंधारात जायचे. थंडीत नाही.

तुला माहीत आहे, मी लग्न होऊन आले तेव्हा मला सही करण्यापुरतं येत होतं. वाचायला मी कशी शिकले, हे कुणी विचारलं की मी ऐटीत सांगते, माझी मी शिकले. ते खरं आहे, पण सुरुवात त्यांनी करून दिली. सकाळी चहा झाला की ते वर्तमानपत्र उघडायचे, एक मथळा वाचायचे, आणि कागद माझ्याकडे सरकवायचे. "आता तू." मी बोट ठेवून अडखळत वाचायची. चुकले तर हसायचे नाहीत, चहा प्यायचे. बाहेर चांगलं उजाडायचं, ऊन भिंतीवर यायचं, मग ते बूट घालायचे. हे सगळं थंडीत. गरम व्हायला लागलं की म्हणायचे, "चला, शाळेला सुट्टी. आता मला लवकर जायला हवं." उन्हाळाभर मी माझी एकटी मागचेच मथळे गिरवत बसायची, आणि थंडीची वाट बघायची.

थंडीत मला वाचायची ओढ का लागते, हे मी तुला लिहिलं होतं ना, "का कोण जाणे" म्हणून? जाणायला हवं होतं ते मीच. मला वाचता येतं, याचं कारणच हे की तुझे मामा थंडीत प्लांट उशिरा लावायचे.

ते गेले भर उन्हाळ्यात. त्या आठवड्यातली त्यांची वेळ पहाटे पाचची होती. मी तीच धरून बसले आणि बाकीचं सगळं विसरले. ठरलेली अशी त्यांची वेळ कधी नव्हतीच.

दिवस उजाडल्यावर मी शाल गुंडाळली आणि थेट प्लांटमध्ये गेले. इतक्या वर्षांत तिसऱ्या-चौथ्यांदा गेले असेन. नटबोल्ट थर्मासच्या झाकणातून चहा पीत बसला होता. मला बघून झाकण लपवलं, जणू शाळेत मास्तर आले.

मी म्हटलं, "बस बस. मला एक सांग. दादा थंडीत किती वाजता लावायचे?"

तो म्हणाला, "वहिनी, दादांची वेळ म्हणजे..."

"थापा मला नको. माझ्या हातचा चहा देऊन मी त्यांना कामावर पाठवायची. मला विचार."

मग त्याने मान खाली घातली. म्हणाला, "दादा आधी पुढच्या दारात जायचे. तिथल्या दगडी खांबाला हात लावायचे. खांब गार असला की म्हणायचे, इमारत झोपली आहे, झोपू दे. गरम असला की पळत यायचे. घड्याळ नाहीच बघायचे."

"मग तू का रे बघतोस?"

तो खिशातले नट खुळखुळवत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हाला आठवत नाही का?"

"काय?"

"दादांचे दिवस झाल्यावर पहिल्यांदा आभाळ आलं होतं. हवा थंड. मी खांबाला हात लावला, गार होता. मी म्हटलं, दादांसारखंच करू, झोपू दे. प्लांट लावला नाही. तर तुम्ही मागच्या दाराने धावत आलात. पायात चप्पल नाही, केस तसेच. 'आवाज का नाही, हे कुठे आहेत,' असं विचारत होतात. माझ्या बायकोने तुम्हाला धरून घरी नेलं. त्या दिवशी मी ठरवलं, वहिनींना परत असं उठायला लागू द्यायचं नाही."

भिंगरे, मला यातलं काही आठवत नाही. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही. मी समजत होते की ही माणसं मामांची शिस्त पाळतात. आणि ती सगळी मिळून मला सांभाळत होती. एवढी मोठी इमारत, वर गच्चीवर ते पाणी गार करायचे टॉवर, ते पंखे, ते पंप, रोज पहाटे सुरू होत होते कशासाठी? फळीवरचे दोन कप वाजावेत म्हणून.

मला हसू आलं आणि मग दुसरं आलं. नटबोल्ट घाबरला. म्हणाला, "वहिनी, मीटरला मी खोटं म्हणालो, पण तुमचं नाव नाही घेतलं."

मी म्हटलं, "तुझं नाव मी घेतलंय. माझ्या भाचीला सगळं लिहिलंय. माझ्यावर रागव."

तो म्हणाला, "त्या ताई का? फोनवर फार गोड बोलतात. मला तेव्हाच वाटलं, ही दादांच्याच घरातली. गोड बोलून स्क्रू पिळतात."

हे मी तुला शब्दन् शब्द कळवते आहे.

मग मी म्हटलं, "हे बघ, उद्या खांबाला हात लाव. खांब म्हणेल तेव्हा प्लांट लाव."

"आणि तुम्ही?"

"मी चहा करेन," मी म्हटलं. "थंडीत आमच्याकडे तेव्हा शाळा असते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला सवयीने जाग आली. कप गप्प. शांतता इतकी की कानात दडे बसल्यासारखं झालं. मी पांघरुणाची कड घट्ट धरून पडले होते. धावत जायचं नाही, असं स्वतःला बजावत होते. मग उठले, चहा केला, दिवा लावला, कालचं वर्तमानपत्र घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिला मथळा वाचला. मग कागद थोडा पुढे सरकवला. समोर कुणी नव्हतं. मी स्वतःलाच म्हटलं, "आता तू." आणि पुढचा वाचला.

प्लांट सुरू झाला तेव्हा भिंतीवर ऊन आलं होतं.

एक गोष्ट मात्र तुझ्या यंत्राच्या बाजूने सांगते, नाहीतर तू मामांना देव करशील. एकदा खांब गार लागला म्हणून ते निवांत राहिले, आणि वरच्या मजल्यावर लोक दुकानांचे कागद हलवून वारा घेत होते. व्यवस्थापकांनी त्यांना उभं करून झापलं होतं. घरी येऊन म्हणाले, "खांबाला काय माहीत, वर काय चाललंय ते." तेव्हा तू वरच्या मजल्यावर तुझं काय ते लाव.

मामी

१० जानेवारी

मामी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं, ती चूक झाली. शेजारच्याला वाटलं, माझं लग्न मोडलं. मी म्हटलं, नाही, एक प्लांट उशिरा सुरू झालाय.

अहवालात एवढंच लिहिलं आहे: "पहाटेची वेळ कडक उन्हाळ्यातली असून ती वर्षभर चालू राहिली. प्लांट हवामान बघून लावावा, ही इथल्या कर्मचाऱ्यांची जुनी पद्धत असून ती पुन्हा सुरू करावी." जुनी पद्धत म्हणजे मामा. नाव घातलं नाही, पण मला माहीत आहे आणि आता तुलाही.

वरच्या मजल्यावर तापमापक बसवतो आहोत, तीन ठिकाणी. एक तुझ्या खिडकीपाशी. खांब खालचं सांगेल, ते वरचं सांगतील. रिकामे जिने माणूस आला की चालू होतील. दुकानांतले दिवेही रात्री बंद करायचे ठरलंय. बुटांच्या दुकानवाल्यांनी जरा कुरकुर केली. त्यांचं म्हणणं, अंधारात बूट उदास दिसतात.

मालकांनी तीन महिने दिले आहेत. तेवढ्यात बिल उतरलं तर वरचा मजला चालू. नाही उतरलं तर काय, ते मी आज लिहीत नाही.

नटबोल्टना सांग, स्क्रू पिळायला येतेच आहे.

भिंगरी

२५ फेब्रुवारी

भिंगरे,

तू येऊन गेलीस आणि दोन दिवस घर मोठं वाटत राहिलं. तुझी एक माळ राहिली आहे. मी ती रीतसर हरवले-सापडलेत जमा केली आहे. ओळख पटवून घेऊन जा.

तू गेल्यावरचं सांगते. व्यवस्थापक परवा स्वतः खिडकीवर आले. मला वाटलं, काही हरवलं. तर म्हणाले, "बाई, माझा हीटर मी घरी नेला. टेबलाखाली आता पाय भाजतात." एवढ्याने त्यांना कोण आनंद! जिने थांबलेले असतात ते लोकांना पहिल्यांदा बंद पडल्यासारखे वाटले. एक आजोबा "बिघडलाय, बिघडलाय" म्हणत जवळ गेले आणि तो चालू झाला. ते इतके खूश झाले की तीनदा खाली-वर जाऊन आले. आता मला सांग, यात वीज वाचली की गेली?

नटबोल्ट रोज खांबाला हात लावतो आणि मग वरचे तीन आकडे बघतो. दोघांचं जमलं नाही तर मला विचारायला येतो. मी म्हणते, मला काय विचारतोस, मी छत्र्यांची बाई. पण येतो. थर्मासच्या झाकणाने त्याची जीभ पोळते, म्हणून त्याला मामांचा कप देऊन टाकला. द्यायच्या आधी बराच वेळ हातात धरून बसले होते. मग म्हटलं, फळीवर बसून तरी तो काय करतोय. नटबोल्ट घेईना. "दादांच्या कपातून मी?" मी म्हटलं, "दादांच्या खांबाला हात लावतोस ना? मग?" घेतला.

टोपीवाले गृहस्थ येऊन ती कादंबरी मला देऊन गेले. वाचून झाली त्यांची. मी विचारलं, "ट्रंकेत काय निघालं?" म्हणाले, "ते मी सांगणार नाही. वाचा." बघ कसे असतात.

मामी

१७ एप्रिल

भिंगरे,

तुझी तार आल्यासारखी चिठ्ठी मिळाली. वरचा मजला राहिला! बातमी आम्हाला तुझ्या आधी कळली होती, कारण व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. बुटांचे दुकानवाले सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते. नटबोल्ट टाळ्या वाजवेना. भिंतीला टेकून उभा होता, खिसा दाबून धरलेला, आवाज होऊ नये म्हणून. त्याची बायको माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "आज घरी गेल्यावर बघा, लहान मुलासारखा उड्या मारतो की नाही."

इकडे हवा तापायला लागली आहे. खिडकीवर या महिन्यात एकही शाल आली नाही. मला वाटतं, आता आत लोकांना थंडी वाजत नाही. माझा धंदा बसला म्हण.

पण तुला वेगळंच सांगायला कागद घेतला आहे.

काल रात्रभर उकडत होतं. आज पहाटे मला लवकर जाग आली, उठून चहा टाकला. बाहेर अजून अंधार होता. कप हातात घेऊन मी खिडकीशी उभी राहिले, आणि मागच्या भिंतीपलीकडे धक्का बसला. घरघर सुरू झाली. फळी थरथरली, पण फळीवर काही नव्हतं. एक कप प्लांटमध्ये, एक माझ्या हातात. किणकिण झाली नाही.

मी वाट बघत राहिले, छातीत काही होतंय का म्हणून. पूर्वी वाटायचं ना, हे कामावर गेले. तसं नाही वाटलं. खांब गरम लागला असणार, असं वाटलं. नटबोल्ट पळत आत आला असणार, आणि आता तो कपात चहा ओतत असेल. मी माझा चहा संपवला.

थंडीत सुट्टी काढून ये. पहाटे तुझी झोप मोडणार नाही. उजाडेपर्यंत शांतता असते आता. आपण दोघी चहा घेऊ, वर्तमानपत्र उघडू. पहिला मथळा मी वाचेन.

तुझी,
मामी